रोज एक चूक

मी चिडका माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. पस्तीस वर्षं लोकांच्या घरांत, दुकानांत, दवाखान्यांत फरशा बसवल्या आणि त्या पस्तीस वर्षांत माझ्या हाताखाली जो कुणी आला त्याने माझी बोलणी खाल्ली. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, पण तोंड शाबूत राहिलं. मग एके दिवशी एका संस्थेच्या मॅडम घरी आल्या. बेकार पोरांना सहा महिन्यांत कारागीर करायचंय, शिकवाल का, म्हणाल्या. मी घसा खाकरेपर्यंत आमची ही आतून ओरडली, "घेऊन जा हो त्यांना! दिवसभर माझ्यावरच शिकवणी चाललेली असते."

वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या गोदामात. पत्र्याचं छप्पर, वर दोन दिवे, आणि विटांच्या कमरेएवढ्या भिंती घालून केलेली सहा खोटी न्हाणीघरं. दाराच्या जागी नुसती फट, नळ नाही. फक्त जमीन आणि कोपऱ्यात पाणी जायला एक जाळी. सरावाच्या मसाल्यात आम्ही सिमेंट घालत नसू, नुसता चुना आणि वाळू, म्हणजे फरशी अख्खी निघते. पोरांनी सकाळी बसवायची, मी दुपारी तपासायची, संध्याकाळी त्यांनीच उखडून, धुऊन, रचून ठेवायची.

अकरा जण होते. त्यातला एक अंगाने आडवा, त्याला सगळे पैलवान म्हणत. एकाला प्रत्येक गोष्टीत वाद घालायची खोड, तो वकील. आणि एकच मुलगी, बावीस-तेविसाची. तिचं नाव पोरांनी दुसऱ्याच दिवशी घुमी ठेवलं, कारण ती बोलतच नसे. ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. मान हलवायची, तीही मोजून.

तिला दाखल करायला तिची वहिनी आली होती. घुमी बाहेर विटांच्या ढिगावर बसली आणि वहिनीने मला बाजूला घेतलं.

"मास्तर, कामाला वाघ आहे हो माझी नणंद. पण तोंड उघडत नाही. दोन नोकऱ्या त्यापायीच गेल्या."

"म्हणजे?"

"पहिली साबणाच्या कारखान्यात. डब्यांवर लेबलं उलटी लागत होती. हिला पहिल्या तासातच दिसलं. पण सुपरवायझर तापट, तो ओरडेल म्हणून ही गप्प. संध्याकाळी सगळा माल परत आला, आणि तुझ्या हाताखालून गेला तरी दिसला कसा नाही म्हणून हिलाच काढलं. दुसऱ्या ठिकाणी हिची सुट्टी दुसऱ्याच्या नावावर लागायची. ते सांगायचं सोडून हिने नोकरीच सोडली." वहिनीने आवाज आणखी खाली आणला. "आता हिचा दादा म्हणतो, इथेही नाही जमलं तर बस घरी. आणि मास्तर, ही एकदा घरी बसली ना, की परत उठायची नाही. मी ओळखते तिला."

मी म्हटलं, बोलायचं काय काम आहे, फरशी काय गप्पा मारून बसवतात? मला तर गप्प माणसंच आवडायची. तेव्हा.

घुमीचा हात पहिल्या महिन्यातच बसला. थापीने मसाला पसरायची तो कसा, सगळीकडे सारखा. फरशी टेकवली की रबरी हातोडीने हलकेच ठोकून कान खाली न्यायची. खालून पोकळ आवाज आला की न बोलता उचलायची आणि परत बसवायची. मी तिच्यामागे उभा राहून काही खोट काढायला जायचो आणि हात हलवत परत यायचो. माझ्यासारख्याला हे फार जड जातं.

मग तो बुडबुड्याचा दिवस उजाडला.

आमच्याकडे लेझर नव्हता. आम्ही जुन्या पद्धतीने, पाण्याच्या नळीने पातळी काढायचो. पारदर्शक लांब नळी पाण्याने भरायची, एक टोक या भिंतीशी धरायचं, दुसरं त्या भिंतीशी. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल तिथे खुणा करायच्या. झाल्या खुणा एका पातळीत. एवढं सोपं. अट एकच, नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. राहिला की पाणी खोटं बोलतं.

त्या दिवशी नळी मी भरली होती. घाईत. खुणा मी केल्या आणि पोरांना बजावलं, "मास्तरची खूण म्हणजे खूण. डोकं चालवायचं नाही." चार न्हाणीघरांत फरशा बसल्या. दुपारी बादली ओतली तर चारही ठिकाणी पाणी जाळीकडे पाठ फिरवून दाराकडे चालू लागलं. मी पेटलो. अर्धा तास मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी वकील म्हणाला, "मास्तर, खूण तुमचीच होती."

नळी उचलून बघितली. मधोमध बोटाएवढा बुडबुडा बसलेला.

पोरं पांगली. घुमी नळाशी थाप्या धूत बसली होती. मी सहज विचारलं, "तुला दिसला होता का गं?"

तिने मान हलवली. दिसला होता.

"सकाळीच?"

परत मान.

"मग बोलली का नाहीस?"

तिने थापी उलटी करून दुसरी बाजू घासायला घेतली. मग म्हणाली, "तुम्ही चिडला असता."

"आत्ता चिडलोच ना!"

"तेव्हा माझ्या एकटीवर चिडला असता. आत्ता सगळ्यांवर चिडलात."

एवढं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

घरी आलो आणि हिच्याजवळ कुरकुर केली. म्हटलं, कसली पोरं, चूक डोळ्यांसमोर दिसते आणि बोलत नाहीत. ही चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून म्हणाली, "आपल्या न्हाणीघरातलं पाणी दाराकडे येतं."

"काय?"

"बावीस वर्षं येतंय. तुम्ही फरशी बसवलीत त्या दिवसापासून. तुमची आंघोळ झाली की मी फडक्याने ओढते ते जाळीकडे."

"बावीस वर्षं? आणि सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्हाला?" ती हसली, आणि हसली म्हणूनच ते जास्त लागलं. मी जाऊन तांब्याभर पाणी ओतलं. आलं दाराकडे, निवांत, बावीस वर्षांच्या सवयीने. मला इतकी लाज वाटली की मी चहा न पिताच बसून राहिलो. साबणाच्या कारखान्यातला तो सुपरवायझर आणि मी, आमच्यात फरक काय होता? त्या मुलीच्या तोंडाला कुलूप होतं हे खरं, पण किल्ल्या आमच्यासारख्यांनीच फेकून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात नवा नियम केला. मास्तर रोज एक चूक करणार. मुद्दाम. कुठेही. चहाच्या आधी ती शोधायची आणि मास्तरला तोंडावर, मोठ्याने सांगायची. सांगणारे आळीपाळीने, रोज दोघं. ज्याची पाळी त्याने सांगितलं नाही तर त्याला चहा नाही.

"आणि तुम्ही चिडलात तर?" वकिलाने लगेच कलम काढलं.

"चिडलो तर त्या दिवशी फरशांमधले सगळे सांधे मी भरीन, तुम्ही बसून बघायचं."

पहिल्या आठवड्यात मी तीनदा सांधे भरले. गुडघ्यांनी माझे वाभाडे काढले. पोरं विटांवर बसून चहा पीत होती आणि पैलवान वरून सांगत होता, "मास्तर, त्या कोपऱ्यात राहिलं."

घुमीची पाळी आली तेव्हा तिने नुसतं बोट दाखवलं. चूक बरोबर होती, ओळंबा मोकळा न लटकता भिंतीला टेकला होता. पण मी म्हटलं, बोलून सांग. तिने चहा सोडला. दुसऱ्या पाळीलाही सोडला. तिसऱ्या पाळीला पैलवान कळवळला, म्हणाला, "अगं बोल की, चहा गार होतोय, मला बघवत नाही." मी काटकोन तपासायला गुण्या लावला होता. तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, "गुण्या उलटा धरलाय."

"मोठ्याने."

"गुण्या उलटा धरलाय!"

गोदामात आवाज घुमला. तीच दचकली. मी म्हटलं, "बरोबर. चहा घे." एवढंच. मनात मात्र मी उडी मारली, गुडघ्यांना न विचारता.

त्यानंतर ती हळूहळू सुटत गेली. पाळी नसतानाही सांगू लागली. पाचव्या महिन्यात एकदा माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मास्तर, आज दोन आहेत." मी एकच केली होती. दुसरी खरीखुरी होती, फरशी मीच चुकीच्या मापाने कापून दिली होती. मी चिडायला तोंड उघडलं, सगळ्यांनी माझ्याकडे आशेने बघितलं, आणि मी ते तसंच मिटलं.

आमच्या घरचं न्हाणीघरही तिने आणि पैलवानाने दोन दिवसांत उखडून नवं केलं. सुरू करण्याआधी तिने हिला विचारलं, "काकू, तुम्ही बादली कुठे ठेवता? त्या बाजूने ढाळ सुरू करते." ही माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा. विचारतात असं."

सहा महिने संपत आले तेव्हा मॅडमनी बातमी आणली. एका ठेकेदाराकडे मोठ्या वसतिगृहाचं काम चालू होतं, त्याला फरशीचे कारागीर हवे होते. तो परीक्षा घेणार होता. चौघांना प्रत्येकी एक न्हाणीघर, सकाळी सुरू, दुपारी संपवायचं, मग पाण्याची बादली. आमच्याकडून पैलवान, वकील आणि घुमी. चौथा कुणी बाहेरचा. घुमीच्या दादाने घरी सांगून ठेवलं होतं, ही शेवटची संधी. मला ते वहिनीने सांगितलं, घुमीने नाही.

मीही सोबत गेलो. तिसऱ्या मजल्यावर लांब बोळ, एका बाजूला ओळीने चार न्हाणीघरं, बोळाच्या बाजूला दार, बाहेरच्या भिंतीशी जाळी. तिथला मुकादम उंच, खणखणीत आवाजाचा माणूस होता. त्याचा लेझर तिपाईवर बसवलेला, तो त्याला कडेवरच्या बाळासारखा जपत होता. त्याने सगळ्या भिंतींवर निळी रेघ मारून ठेवली होती. रेघेपासून खाली एक मीटर मोजायचं, तिथे फरशीची पातळी, तिथून जाळीकडे ढाळ.

"मास्तर, तुम्ही जिन्यापाशी थांबा," तो मला म्हणाला. "तुमच्या तोंडातून एक शब्द आला तर तुमची तिन्ही पोरं बाद."

मला! मी ओठ आवळून जिन्यापाशी उभा राहिलो. तिथून घुमीची खोली तिरकी दिसत होती.

पैलवान आणि वकील लगेच मसाला कालवायला बसले. घुमी बसली नाही. तिने पिशवीतून आमची नळी काढली, नळावर भरली, उचलून उजेडाकडे धरून नीट बघितली, टिचक्या मारून बुडबुडे बाहेर काढले. मग एक टोक दाराजवळ निळ्या रेघेशी बांधलं आणि दुसरं घेऊन बाहेरच्या भिंतीशी गेली. आणि तिथे थांबली. तिने बोट लावलं, परत लावलं. मला एवढ्या लांबूनही कळलं. बाहेरच्या भिंतीवरची रेघ वर होती. चांगली दीड बोट. त्या रेघेने फरशी बसवली असती तर पाणी जाळीकडे गेलंच नसतं.

तिने पेन्सिलीने स्वतःची बारीक खूण केली आणि खाली बसली.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, जिंकली. हिची खोली बरोबर होईल, बाकी तीन चुकतील, ठेकेदाराला निवडायला हीच उरेल. कुणाशी एक शब्द बोलायला नको. पण लगेच लक्षात आलं की पलीकडच्या दोन खोल्यांत माझीच पोरं आहेत, मान खाली घालून चुकीच्या रेघेवर मसाला ओढतायत. आणि मला बोलायची बंदी. उभ्या आयुष्यात मला एवढं कधी सोसावं लागलं नव्हतं.

घुमीच्या हातात थापी होती. मसाला तयार होता. ती थापीकडे बघत बसली. पाच मिनिटं गेली असतील. मग ती उठली, हात पुसले आणि बोळात मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, रेघ चुकलीय."

मुकादम फोनवर होता. त्याला ऐकूच गेलं नाही. ती परत फिरू शकली असती. कुणी नाव ठेवलं नसतं. मी जिन्याचा कठडा गच्च धरला.

"साहेब," ती मोठ्याने म्हणाली, "रेघ चुकलीय! बाहेरच्या भिंतीवरची. दीड बोट वर आहे."

फोन खाली आला. "तुला कुणी विचारलं?"

"कुणी नाही."

"लेझरची रेघ आहे ती. लेझर चुकत नाही."

"लेझर नसेल चुकला. तिपाई हलली असेल. या सिमेंटच्या गोण्या आड येत होत्या, म्हणून मधेच ती उचलून दुसरीकडे ठेवली ना?"

मुकादमाचा चेहरा लाल झाला. उचलली होती, हे त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं. "हे बघ पोरी," तो गरजला, "वीस वर्षं मी रेघा मारतोय. मुकाट कामाला बस, नाहीतर चालू लाग घरी!"

अख्खा बोळ हादरला. हाच तो आवाज. साबणाच्या कारखान्यातला, गोदामातला, माझा. घुमीचे खांदे आत गेले ते मी बघितलं. पैलवान आणि वकील दारात येऊन उभे राहिले, हातात थाप्या तशाच.

"जाते घरी," घुमी म्हणाली. पण ती जागची हलली नाही. "पण त्याआधी एकदा नळी लावून बघा. नाहीतर चारही खोल्यांत पाणी दारात येईल आणि तुम्ही आम्हालाच बोलाल."

"लाव नळी." हे वरच्या जिन्यावरून आलं. ठेकेदार उतरत होता. किती वेळ ऐकत होता कोण जाणे.

एक टोक त्याने स्वतः बाहेरच्या भिंतीशी धरलं. घुमी दाराशी. "पाणी डुलायचं थांबू दे," ती त्याला म्हणाली, "हात हलवू नका." ठेकेदाराने हात हलवला नाही. पाणी थांबलं. निळ्या रेघेच्या खाली, दीड बोट. चारही खोल्यांत तेच निघालं.

ठेकेदार मुकादमाकडे वळला. "चौथ्या मजल्यावर पाणी दारात येतं म्हणून आपण तो म्हातारा कारागीर काढला. तिथल्या रेघा कुणी मारल्या होत्या?"

मुकादमाने नजर लेझरकडे वळवली. पण माणूस खोटा नव्हता. त्याने गोण्या स्वतः हलवल्या, तिपाई नीट रोवली, जुन्या रेघा पुसल्या आणि नव्या मारल्या, आणि प्रत्येक रेघ मारून झाली की घुमीकडे बघितलं. ती नळी लावून म्हणायची, "बरोबर." पोरांना एक तास वाढवून मिळाला.

दुपारी बादल्या ओतल्या. पैलवानाच्या खोलीतलं पाणी गेलं, वकिलाच्या खोलीतलं गेलं, बाहेरच्या पोराचं एका कोपऱ्यात थोडं साचलं. घुमीच्या खोलीत ठेकेदाराने बादली पालथी केली आणि आम्ही बघत राहिलो. पाणी एका अंगाने सरळ जाळीकडे निघालं आणि मागे फरशी नुसती ओली राहिली, थेंब उभा नाही. मुकादमाने वाकून कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवला आणि समाधानाने मान हलवली.

ठेकेदाराने वहीत लिहायला घेतलं. पैलवान, कारागीर. वकील, कारागीर. "आणि ही मुलगी, हेल्पर. सोमवारपासून या."

माझ्या घशात शिवी आली. बंदी अजून उठली नव्हती. मी ती गिळली, आणि बरं झालं गिळली.

"हेल्पर नाही," घुमी म्हणाली.

"अगं, घेतोय ना तुला. मुली आपण हेल्परमध्येच घेतो. फरशा द्यायच्या, सांधे पुसायचे. पुढचं पुढे बघू."

"ही फरशी मी बसवली. हेल्परने बसवली नाही." तिने पैलवानाच्या खोलीकडे हात केला. "त्याच्याकडे आणि माझ्याकडे एकदम बादली ओता. ज्याचं पाणी मागे राहील तो हेल्पर."

"ए, मला कशाला मधे घेतेस!" पैलवान कळवळून म्हणाला.

ठेकेदार हसला, पण पेन तसंच धरून राहिला. तेव्हा मुकादम पुढे झाला. "साहेब, मी हात फिरवून बघितलाय. खोडा ते. आणि माझ्या मजल्यावर द्या तिला. मला तपासणारं माणूस पाहिजे."

ठेकेदाराने खोडलं. घुमीने वाकून वहीत बघितलं, नीट वाचून घेतलं, मग सही केली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पस्तीस वर्षांत मी कामाच्या जागी रडलो नव्हतो, त्या दिवशी खुशाल रडलो.

मग ती बोळाच्या टोकाला जाऊन वहिनीला फोन करू लागली. "वहिनी! मिळाली! हेल्पर नाही, कारागीर! दादाला दे फोन, त्याला मी सांगते! आधी लिहिलं होतं हेल्पर, मी खोडायला लावलं! अगं नाही, घाबरले नाही, म्हणजे घाबरले, पण बोलले!" रिकामी इमारत, दारं-खिडक्या अजून बसायच्या, तिचा आवाज वरच्या खालच्या सगळ्या मजल्यांवर जात होता. गवंडी डोकावून बघू लागले.

कुणीतरी वरून ओरडलं, "अहो ताई, जरा हळू!"

माझी बंदी आता संपली होती. मी जिन्यात उभा राहून, पस्तीस वर्षांचा सगळा घसा लावून वर ओरडलो, "कोण आहे रे तो? बोलू दे तिला!"